कान्हूला सोडवणारा

दत्तात्रेय दिल्लीला कुठल्याशा सरकारी कचेरीत आहे, एवढंच पेणच्या खाडीकाठच्या त्याच्या गावाला माहीत होतं. तो परदेशी गुप्तवार्ता खात्यात होता, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. शेजारच्या देशातल्या एका बंदरात कोणती जहाजं लागतात, काय उतरवतात, ही खबर खात्याला हवी होती. दत्तात्रेयच्याच आळीतला कान्हू मालवाहू बोटीवर खलाशी होता आणि त्या बंदरात त्याचं जाणं-येणं होतं. तो सुट्टीवर आला तेव्हा दत्तात्रेयने त्याला रोह्याच्या एका खानावळीत गाठून ती खबर आणायचं काम सांगितलं.

"आणि पकडला गेलो तर?" कान्हूने विचारलं.

"तर आम्ही तुला ओळखत नाही. या कामात असंच असतं. पण तशी वेळ येणार नाही."

"तू सांगतोस ना, मग झालं," कान्हू म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यात तो पकडला गेला.

"तो आपला कोणी नाही," दिल्लीत साहेब म्हणाले. वकील दिला गेला नाही. उलट, तो सोन्याची तस्करी करत होता, असं एका पत्रकाराच्या कानावर घालायचं ठरलं. ते काम दत्तात्रेयनेच केलं.

बातमी गावात पोचली. कान्हूच्या बहिणीचं, शांतीचं, जमलेलं लग्न मोडलं. दत्तात्रेय गणपतीला घरी आला की कान्हूची आई धोंडुबाई त्याला गाठायची. "तू दिल्लीला असतोस. जरा विचार ना, बाबा."

"विचारतो, काकी," तो दरवेळी म्हणायचा.

बऱ्याच वर्षांनी दोन्ही देशांनी कैद्यांची अदलाबदल केली, त्यात कान्हू सुटला. धोंडुबाई त्याला आणायला दिल्लीला गेली. तो एक पाय ओढत चालत होता. दत्तात्रेय रजा काढून गावी आला, तेव्हा देवळापुढे माणसं जमली होती. धोंडुबाईने सगळ्यांदेखत दत्तात्रेयच्या गळ्यात हार घातला.

"दत्तानं खटपट केली म्हणून माझा पोर आला. तस्कर असता तर सरकारी माणूस त्याला सोडवायला गेला असता का?"

कान्हू खाली बघत राहिला. दत्तात्रेयही काही बोलला नाही.

नंतर माणसं धोंडुबाईच्या अंगणात आली, तेव्हा दत्तात्रेय तिच्यामागून स्वयंपाकघरात गेला. "काकी, मी काहीच केलं नाही. त्याला तिकडे मीच..."

"ठाव हाय मला. गाडीत सांगितलं त्यानं." ती भात वाढत होती.

"मग हार कशाला घातलात?"

"शांतीला स्थळ यायला पायजे. तू गावापुढं गप उभा रायलास, तेवढं बास झालं. बस, जेव."

त्याला बसवेना. तो परत अंगणात आला आणि जमलेल्या माणसांना म्हणाला, "कान्हू तस्कर नव्हता. ती बातमी खोटी होती."

"मग तिकडं करत काय होता?" म्हाताऱ्या हिरामणने विचारलं.

खरं सांगायला खात्याची शपथ आड आली, की स्वतःची भीती, हे दत्तात्रेयलाही कळलं नाही.

"बोटीवर होतो, हिरामणकाका," ओट्यावरून कान्हूच म्हणाला. "दुसरं काय करणार?"

माणसं माना डोलावून पांगली. दत्तात्रेयने गळ्यातला हार काढला आणि तो कुठे ठेवावा हे न सुचून हातात धरून उभा राहिला.