कोमट मूठ

मित्रांनो, पुंडलिकनगरातल्या एका खिडकीत राहणारा मी जुना लोखंडी डंबेल आहे. शेजारी माझा जुळा भाऊ असतो. कारखान्यात आम्ही एकाच साच्यातून निघालो आणि गुलमंडीच्या दुकानातून काकासाहेबांनी आम्हाला घरी आणले. डॉक्टरांनी त्यांना व्यायाम सांगितला होता. सुरुवातीला शेजारीपाजारी कौतुक करायचे. मग काकासाहेबांना कंटाळा आला. "उद्यापासून करतो," असे ते रोज म्हणत. एका दुपारी जेवता जेवता छाती धरून ते कलंडले, ते उठलेच नाहीत. आम्ही पलंगाखाली गंजत पडलो.

पुढे त्यांच्या पत्नीची, द्वारकाबाईंची, शुगर आणि बीपी वाढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नुसतं चालून भागणार नाही. थोडं वजनही उचला. स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर वापरतात, हृदयालाही फायदा होतो. गोळ्या सोडू नका, अन् उचलताना श्वास कोंडू नका."

सून रत्नमालाने आम्हाला घासून पुसून खिडकीत मांडले. द्वारकाबाई मला एकट्यालाच घेत, कधी या हातात, कधी त्या. भाऊ तसाच पडून राही. एका सकाळी रत्नमालाने त्याला उचलले आणि दचकून खाली ठेवले.

"आत्याबाई, ह्याची मूठ कोमट कशी? घाम बी हाय!"

"मी तर हात नाय लावला त्याला."

मग रोजच तसे होऊ लागले. द्वारकाबाई मला वर नेत, तेव्हा खिडकीकडून कुणाची तरी धाप ऐकू येई. मी लोखंडाचा, तरी शहारलो. द्वारकाबाई घाबरल्या, व्यायाम सुटला. साखर पुन्हा चढली. जिन्यात त्यांना दम लागू लागला.

अखेर त्या खिडकीपाशी आल्या. भावाची मूठ धरून ओढली. तो हलेना. पलीकडून कुणीतरी घट्ट धरले होते.

"तुमचं राह्यलेलं मी करते," त्या हळूच म्हणाल्या. "लई दमलात. बसा आता."

एकेक बोट सुटावे तशी ती पकड सुटली. कोपऱ्यातली रिकामी खुर्ची करकरली.

आता आम्हा दोघांनाही रोज हात लागतो. द्वारकाबाईंची साखर आटोक्यात आली, दमही लागेनासा झाला. खुर्चीवर मात्र घरात कुणी बसत नाही.

मित्रांनो, आम्ही लोखंडाचे, कितीही वर्षे पडून राहू. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना तेवढा वेळ नसतो. त्यांना आजच हाताला धरून उठवा.