सील मीच फोडलं

बोर्ड मेला आणि तो मी मारला, असं काल सगळ्यांसमोर ठरलं. ठरवणारा कोण, तर मशीन विकणाऱ्या कंपनीचा इंजिनियर. बाटल्यांना लेबल लावणाऱ्या मशीनचा बायोस परवा त्यानेच पेन ड्राइव्ह लावून अपडेट केला. तेव्हापासून आतल्या बोर्डचा पंखा फिरतो, पडदा काळा. काल त्याने कव्हर उघडलं, फाटलेलं सील बोटाने दाखवलं आणि सुटला एकदाचा.

"अपडेट नीट झालेलं. हिने आत हात घातलाय."

घातला होताच. वर्षापूर्वी मशीन आलं त्याच आठवड्यात सील फोडून मी बायोसची प्रत काढून ठेवली. बोर्डने जागं कसं व्हायचं ते त्यात लिहिलेलं असतं. कंपनी ती प्रत देत नाही. का देईल? बोर्ड झोपला की नवा विकता येतो.

मॅनेजर म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत चालू कर, नाहीतर कामावर येऊ नकोस."

म्हणून आज बोर्ड माझ्या टेबलावर. वीज काढली, गोल सेलही काढला. बायोस ज्या चिपमध्ये असतो तिला आठ पाय; जिथे ठिपका तो पहिला पाय, तिथे चिमट्याची लाल वायर, दुसरं टोक माझ्या लॅपटॉपला. चिमटा उलटा बसला तर चिपची राख. इंजिनियर डोक्यावर उभा, मागे मॅनेजर आणि फोरमन काका.

"ताई, कोर्स कुठे केलात?"

"बापाच्या रेडिओ दुकानात."

"सर्टिफिकेट?"

"बोटावर भाजल्याचा डाग आहे. झेरॉक्स काढू?"

काका खोकल्याआड हसले.

मी प्रतीची फाइल उघडली, तसा इंजिनियर एकदम मऊ झाला. "छान! आहे प्रत? मग लिहून टाका की थेट. सीलचं मी बघतो, तक्रार करत नाही."

मी लिहायचं बटण दाबणारच होते. हात थांबला. बापाची शिस्त अंगात मुरलेली: लिहिण्याआधी चिपमध्ये आहे ते वाचायचं, दोनदा, आणि दोन्ही वाचनं ताडून बघायची. लिहिलं की आधीचं पुसलं जातं. इंजिनियरला तेच तर हवं होतं!

"आधी वाचणार."

"वेळ कशाला घालवताय?"

"माझी नोकरी आहे, वेळही माझाच."

दोन्ही वाचनं जुळली. त्या आकड्यांच्या जंगलात बोर्डचं मॉडेल साध्या अक्षरांत असतं. मी लॅपटॉपचा पडदा मॅनेजरकडे वळवला. "चिपमध्ये काय आहे ते वाचा. आता बोर्डवर छापलेलं वाचा."

मॅनेजरने दोनदा वाचलं. काका पुटपुटले, "बापरे, दुसऱ्याच बोर्डची फाइल."

इंजिनियरला अचानक फोन आला. न वाजताच.

ती वाचलेली फाइल जपून ठेवली आणि मग माझी प्रत लिहिली. चिमटा काढला, सेल बसवला, वीज दिली. एक बीप. पडदा उजळला. साडेअकरा वाजले होते.

मी रिपोर्ट लिहून मॅनेजरपुढे ठेवला. तो वाचून म्हणाला, "चुकीच्या फाइलचं काढून टाक. कंपनीशी संबंध बिघडतील. मी सीलचंही काढून टाकतो, फिटंफाट."

"दोन्ही राहणार. सील मी फोडलं, बोर्ड त्याने मारला. काय शिक्षा करायची ती दोघांना करा."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"सही करा," मी म्हणाले आणि पेन उघडून त्याच्या हातात दिलं.