उकडलेला पढिन

सुनीतीचे सासरे रत्नाकर मूळचे मालवणचे. रेल्वेच्या नोकरीत बनारसला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. समुद्र सुटला, मासे सुटले नाहीत. सासूबाई वारल्या, नवरा निमिष बँकेच्या बदलीवर गोरखपूरला गेला, तेव्हा घरात हे दोघंच उरले. दिनानाथ मल्लाह सकाळी मासे घेऊन बालाजी घाटाला नाव लावायचा आणि बाबा स्वतः जाऊन त्याच्याकडून पढिन आणायचे. बिनखवल्यांचा, दुसऱ्या माशांवर जगणारा हा मोठा मासा. काटे कमी, म्हणून त्यांच्या कवळीला सोयीचा.

सुनीती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे नदीतल्या माशांमधले विषारी धातू मोजायचं काम चालू होतं. कच्च्या माशात किती, तळल्यावर किती, उकडल्यावर किती. पहिले आकडे हाती आले त्या दिवशी तिने घरची कढई उचलून ठेवली.

"बाबा, तळणं बंद. तळला की माशातलं पाणी उडतं, धातू तिथेच राहतो. घासागणिक जास्तच जातो पोटात."

"मग काय, कच्चा खाऊ?"

"उकडायचा आणि पाणी फेकून द्यायचं. शिसं, कॅडमियम कमी होतं. मी स्वतः मोजलंय."

बाबांनी तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. तिरफळं घातलेलं कालवण गेलं, पांढरेफटक तुकडे पानात आले. वर आता धोका नाही म्हणून आठवड्यातून दोनदाचा मासा रोजचा झाला. सुनीतीच तो उकडून द्यायची. पारा मोजायचा अजून राहिला होता. त्याचं यंत्र इथे नव्हतं, नमुने बाहेरगावी पाठवले होते. हे तिने बाबांना सांगितलं नाही. उगाच कशाला घाबरवायचं, असं तिला वाटलं होतं.

पाच महिन्यांनी बाबांची बोटं बधिर झाली. मग ओठ. पायऱ्या उतरताना तोल जाऊ लागला. डॉक्टरांनी साखर तपासली, ती ठीक होती. त्याच आठवड्यात बाहेरगावचा अहवाल आला. उकडलेल्या तुकड्यांतही पारा जवळजवळ कच्च्याएवढाच होता. तो मांसाला धरून बसतो, पाण्यात उतरत नाही. सुनीतीने बाबांचं रक्त तपासून घेतलं. आकडा पाहून डॉक्टर म्हणाले, "मासा आजपासून बंद. रक्तातला पारा उतरेल. नसांचं सांगता येत नाही."

घरी येऊन ती बाबांसमोर बसली. "पाऱ्याचं मोजणं बाकी आहे, हे मला माहीत होतं. मी बोलले नाही."

बाबा म्हणाले, "दिनानाथची सून पोटुशी आहे. तू मला सांगितलंस, तेच मी तिला सांगितलं होतं."

सुनीती तशीच उठली.

प्रभावती घाटाच्या पायरीवर जाळं सांधत बसली होती. सातवा महिना. "बाबूजी ने बताया था, दीदी," ती हसून म्हणाली. "तब से पानी फेंककर ही खाते हैं. रोहू बिक जाती है, पढिन बाबूजी के सिवा कोई लेता नहीं. वही रोज पकती है."

सुनीतीने तिला सगळं सांगितलं. पढिन अजिबात नको, लहान मासे चालतील, तेही रोज नकोत. प्रभावतीचा हात पोटावर गेला.

"और जो अब तक खा लिया?"

दुसऱ्या दिवशी तिने प्रभावतीला तपासणीला नेलं. पारा बाबांपेक्षा कमी निघाला, पण होता.

थंडीत मुलगी झाली. वजन ठीक, रडणं ठीक. परिणाम झाला असेल तर वाढताना दिसेल, असं डॉक्टर म्हणाले. बाबांच्या रक्तातला पारा उतरला, बोटं मात्र बधिरच राहिली. त्यांनी सुनीतीला कधी दोष दिला नाही. घाटावर जाणं तेवढं सोडलं.

सुनीती दर महिन्याला त्या घरी जाते. मुलीच्या पाठीमागून टाळी वाजवून ती वळते का बघते, बोटाला धरून बसवून पाहते. प्रभावती चहा करते, फारसं बोलत नाही. मुलगी आता वर्षाची झाली आहे. हात सोडला की अजून एका बाजूला कलंडते.