शनिवारचे बेत

डब्लिनच्या लुआस ट्रामच्या स्टॉपवर सुलेखाने सासूबाईंचं कार्ड यंत्राला टेकवलं, मग आपलं टेकवलं, आणि ती मागच्या रस्त्याकडे बघत उभी राहिली. ट्राम लागलेलीच होती. तेवढ्यात फोन थरथरला. नवऱ्याचा, शैलेंद्रचा मेसेज होता. ऑफिसचं काम निघालं आहे, तुम्ही दोघी जा, आईला सांग.

"आई, त्याचं अचानक काम निघालं. रात्रीची शिफ्ट लांबली म्हणे. आपण दोघीच जाऊ या."

"बरं," वसुधाताई म्हणाल्या, आणि पिशवी सावरत आत चढल्या.

सुलेखाला वाटलं होतं, त्या हिरमुसतील. त्यांनी खिडकीजवळची जागा घेतली, मफलर सैल केला आणि बाहेर बघत बसल्या.

तीन आठवड्यांपूर्वी वसुधाताई मिरजेहून इथे, शहराच्या कडेला टॅलाला आल्या, त्याच्या आधीच शैलेंद्र आणि सुलेखाचं ठरलं होतं. आईंना कळू द्यायचं नाही. नाताळच्या आधी तो घर सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, ब्लँचर्डस्टाउनला एका मित्राच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. मोठं भांडण असं काही झालंच नव्हतं. दोघं एकमेकांशी फक्त बिलांविषयी आणि कचऱ्याच्या डब्यांविषयी बोलतात, हे एका रविवारी दोघांच्याही लक्षात आलं होतं, एवढंच. पण शैलेंद्रच्या बाबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. "आत्ता नको," शैलेंद्र फोनवर म्हणाला होता. "ती परत गेली की मी सांगेन." त्यामुळे तो रोज संध्याकाळी जेवायला यायचा, आणि जेवून शिफ्टला जातो म्हणून निघून जायचा. गाडी त्याच्याकडे होती. आईंना ती विकली असं सांगितलं होतं.

शनिवारचा दिवस मात्र मोठा असतो. तिघांनी तो घरात कसा काढायचा, या धास्तीपोटी सुलेखाने सहलींचे बेत आखायला सुरुवात केली. शुक्रवारी जेवण झाल्यावर ती लॅपटॉप उघडून बसायची. कुठली गाडी, कुठे बदलायची, स्टेशनपासून चालणं किती, वाटेत बसायला बाक आहे का, स्वच्छतागृह कुठे, पाऊस आला तर आडोसा कुठला. पहिल्या शनिवारी समुद्रकाठचं हौथ झालं, दुसऱ्या शनिवारी ब्रे. गाडीत शेजारी शेजारी बसलं की कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, सगळे बाहेर बघतात. ते सोयीचं होतं.

आज किल्केनीचा किल्ला होता. ह्यूस्टन स्टेशनवर त्या ट्राममधून उतरल्या आणि किल्केनीच्या गाडीत बसल्या. डब्लिन मागे पडलं, ओली कुरणं सुरू झाली. वसुधाताई शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्या एकेका हिरव्याकडे डोळे बारीक करून बघत होत्या.

"इथं नुसत्या हिरव्यानं पेटी संपेल," त्या म्हणाल्या.

सुलेखा हसली. मग आपणच विषय काढलेला बरा, असं वाटून म्हणाली, "त्याला यायचं होतं खूप. पण त्यांच्याकडे माणसं कमी आहेत सध्या."

"हो का?"

"हो. पुढच्या आठवड्यात नक्की येईल."

वसुधाताईंनी मान हलवली.

किल्ल्याच्या आत फिरून झाल्यावर दोघी मागच्या मोठ्या हिरवळीवर आल्या. ऊन पडलं होतं, वारा होता. बाकावर एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन बसले होते. सुलेखाने इंग्रजीत विचारलं, तेव्हा ते सरकले आणि म्हणाले, "यू आर ग्रँड," म्हणजे बसा खुशाल. थोड्या वेळाने कुत्र्याने त्यांना ओढत नेलं आणि अख्खा बाक या दोघींचा झाला.

वसुधाताईंनी डबा काढला. दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती. दशमीवर चटणी घालून त्यांनी सुलेखाच्या हातात दिली. सुलेखाचं डब्याकडे लक्ष गेलं. दशम्या मोजक्याच होत्या, दोघींपुरत्या.

"आई, त्याच्या वाट्याच्या नाही आणल्या?"

"नाही." वसुधाताईंनी आपला घास संपवला. "मीच त्याला सांगितलं, आज येऊ नकोस म्हणून."

सुलेखाचा हात मांडीवर तसाच राहिला.

"गुरुवारी तू आंघोळीला गेली होतीस, तेव्हा विचारलं त्याला. आधी शिफ्टचंच सांगत बसला. मग सांगितलं सगळं. तुला काही सांगू नको म्हणाला. मी म्हटलं, बघते."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू चमचे आता कुठल्या कपाटात ठेवतेस, ते त्याला माहीत नाही. दोनदा चुकीचं दार उघडलं त्यानं. आणि जेवण झालं की खुर्ची आत सरकवून ठेवतो. स्वतःच्या घरात कधी सरकवली होती?"

सुलेखाने हिरवळीकडे बघितलं. दूरवर दोन मुली कोलांट्या मारत होत्या. सकाळपासून आपण काय काय बोललो, ते तिला एकेक आठवायला लागलं, आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"मी खोटं बोलले तुमच्याशी, आई."

"माझ्यासाठीच बोललात ना दोघं." त्यांनी रुमालाने तिच्या कोटावरची चटणी झटकली. "तिघं असलो की तुम्ही दोघं माझ्याशीच बोलता, सारखं. मी दमून जाते बघ. म्हणून म्हटलं, एक दिवस आपण दोघीच जाऊ."

पुढे त्या काही विचारतील, म्हणून सुलेखा वाट बघत राहिली. का, कुणाचं चुकलं, परत काही जमेल का. उत्तरं तिने कितीतरी दिवस मनात घोळवून ठेवली होती. वसुधाताईंनी थर्मासमधला चहा ओतला आणि पहिला पेला तिला दिला. वाऱ्याने चहाची वाफ लगेच उडून गेली.

चहा संपल्यावर त्या म्हणाल्या, "ब्लँचर्डस्टाउनला कसं जायचं गं?"

"आपल्या इथून थेट बस आहे. बदलावी लागत नाही."

"वेळ किती लागतो?"

"तासभर. कधी थोडा जास्त."

"एवढं जवळ आहे होय," वसुधाताई म्हणाल्या. त्यांनी पेला हातात फिरवला. मग म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी मला त्या बसमध्ये बसवून दे. तो तिकडे स्टॉपवर येईल. कसा राहतो ते बघते. जरा भाजीबिजी करून ठेवते."

सुलेखाने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं होतं, तरी तिने पुन्हा दाबलं.

"राहणार का तिकडे?"

"राहायला कशाला? संध्याकाळी येते की घरी. तेवढी शेवटची बस कधी सुटते, ते बघून ठेव."

सुलेखाने खिशातून फोन काढला. उन्हात पडदा दिसेना, म्हणून तिने त्यावर ओंजळ धरली. वेळापत्रक उघडलं. बराच वेळ ती खाली मान घालून बघत होती.

"शेवटची नको, आई," ती म्हणाली. "तिच्या आधीची बघते. आपण जेवायला बरोबर बसू."