यरीहोभोवती करकरलेल्या वहाणा

माझा नवरा इथ्रान हा इस्राएलाच्या अख्ख्या छावणीतला वहाणा शिवणारा एकुलता एक कारागीर. आणि चाळीस वर्षांत त्यानं एकही वहाण शिवली नाही. आळशी होता म्हणून नव्हे. कुणाची तुटलीच नाही.

हे सांगितलं की आजची पोरं एकमेकांना डोळे मिचकावतात. मिचकावा. मी तिथे होते, तुम्ही नव्हता. आमची माणसं मिसरातल्या गुलामीतून निघाली तेव्हा ज्या वहाणा त्यांच्या पायात होत्या, त्याच घालून ती चाळीस वर्षं चालली. वाळूतून, काट्यांतून, विंचवांच्या डोक्यांवरून. परमेश्वरानं ठरवलं होतं की या लोकांचे कपडे विरायचे नाहीत आणि वहाणा झिजायच्या नाहीत. त्याचं ठरलं म्हणजे ठरलं. सीनाय डोंगराच्या पायथ्याशी इथ्राननं एकदा आपली वहाण दिवसभर कातळावर घासली. संध्याकाळपर्यंत कातळाची पूड झाली, वहाण तशीच. ती पूड बायकांनी भांडी घासायला नेली, मीसुद्धा दोन ओंजळी आणली.

नव्या पायांचं काय, असं विचाराल. मिसरातून आलेली पिढी वाळवंटात एकेक करून मिटत होती. माणूस पुरला की त्याच्या वहाणा पुतण्याला नाहीतर नातवाला. वाद्या आवळायच्या, नाहीतर सैल सोडायच्या. माझ्या लग्नात मी मेलेल्या आत्याच्या वहाणा घालून उभी होते, पुढे दोन बोटं जागा रिकामी. सगळी छावणी अशी कुणाकुणाच्या वहाणांतून चालायची. ज्यांच्या नशिबी देवानं कबूल केलेला देश बघणं नव्हतं, त्यांच्या वहाणा तेवढ्या तिकडे निघाल्या होत्या.

इथ्राननं ही कला बापाकडून घेतली, मिसरात, पंधराव्या वर्षी. बाप वेठबिगारीवरच्या मुकादमांच्या वहाणा शिवायचा. तो वाळवंटात वारला, मागे कातडं टोचायची काशाची एक आरी राहिली. रोज सकाळी इथ्रान ती आरी फडक्यातून काढायचा, पुसायचा आणि हात जोडून बसायचा. "देवा, एक भोक पाड. कुणाच्याही वहाणेला. एकच."

"लाज वाटू द्या," मी म्हणायचे. "लोक पाणी मागतात, मांस मागतात, आणि तुम्ही भोक मागता!"

"अगं यिस्के, मी मेल्यावर लोक म्हणतील, वहाणा शिवणारा गेला. कुणी विचारलं, कुठली शिवली होती त्यानं, तर काय दाखवशील?"

मी टोपली उचलून मान्ना वेचायला जायचे, आकाशातून रोज पडणारं ते आमचं अन्न.

मग आम्ही यार्देन नदी ओलांडली. गिलगालला तळ पडला, वल्हांडणाचा सण झाला. दुसऱ्या दिवशी या देशातल्या धान्याचा हुरडा खाल्ला, आणि पुढच्या सकाळी मान्ना पडलाच नाही. बायका रिकाम्या टोपल्या घेऊन आकाशाकडे बघत उभ्या. एवढ्यात माझ्या मागे फट्ट असा आवाज झाला. वळून बघते तर माझा चुलतदीर गमल्ली, रेड्यासारखा धिप्पाड माणूस, एका पायावर बगळ्यासारखा उभा.

"वहिनी, बघा हो हे काय झालं!" त्याच्या हातात वहाणेचे दोन तुकडे.

इथ्रान धावत आला. त्यानं ते तुकडे छातीशी धरले. "तुटली! अरे वा! कशी छान तुटली रे!"

"छान काय दादा? उद्या सगळ्या हत्यारबंद माणसांनी यरीहोला फेरी मारायची आहे. मी काय लंगडी घालू?"

"तुला नवा जोड देतो," इथ्रान म्हणाला, आणि कातडं शोधायला पळाला.

संध्याकाळपर्यंत त्यानं मान वर केली नाही. बैलाच्या कातड्याचा दुहेरी तळ, रुंद वाद्या, टाचेला दुमड. असा जोड मी जन्मात पाहिला नव्हता. तसं म्हटलं तर मी नवा जोडच पाहिला नव्हता.

यरीहो हे तटबंद शहर देव आमच्या हाती देणार होता, आणि त्यासाठीच्या फेरीचा हुकूम असा होता: सात दिवस तटाभोवती फिरायचं, पुढे रणशिंगं, मागे कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पेटी, पण लोकांपैकी कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. आमच्या लोकांना गप्प बसायला सांगणं म्हणजे वाऱ्याला बस म्हणण्यासारखं. तरी बसले. हजारो माणसं मुकाट चालत होती. याजक रणशिंगं फुंकताना दम घ्यायला थांबले की वाऱ्याची झुळूकसुद्धा ऐकू यावी एवढी शांतता. आणि त्या शांततेत करर्र, करर्र, करर्र. मी गिलगालला तंबूत भाकरी भाजत होते, मला तिथे ऐकू आलं.

दुपारी गमल्लीच्या तुकडीचा नायक पलत्या त्याला दंडाला धरून छावणीतल्या वडीलधाऱ्या किस्लोनबाबांपुढे घेऊन आला. मागून मी आणि इथ्रान.

"बाबा, सगळ्या इस्राएलानं तोंड शिवलं आणि हा एकटा अख्खं यरीहो करकरत फिरला! तटावरचे पहारेकरी वाकून वाकून बघत होते."

"मी तोंड उघडलंच नाही," गमल्ली म्हणाला.

"तू नाही, तुझ्या वहाणांनी उघडलं!"

"मग त्यांना दंडाला धरून आण की."

लोक हसले. इथ्रान हसला नाही. तो पुढे झाला.

"चूक माझी आहे. तळाच्या दोन थरांमध्ये चरबी चोळायची असते. बापानं शंभरदा बजावलं होतं, चाळीस वर्षांत विसरलो. कातड्यावर कातडं घासतंय. आता उसवलं तर तळ फाटेल. गमल्ली, काढ त्या. अनवाणी जा." त्यानं फडक्यातली आरी काढून किस्लोनबाबांच्या पायाशी ठेवली. "माझ्या हातात कला उरलेली नाही. सगळ्यांनी ऐका, म्हणजे उद्या कुणी माझ्या दारात फुकट खेपा घालणार नाही."

मी बायको आहे त्याची. त्या क्षणी मला पलत्याची दाढी उपटावीशी वाटली.

"मी नाही काढत," गमल्ली म्हणाला.

"काय?"

"नाही काढत. इतकी वर्षं मी मेलेल्या मामाच्या वहाणा घातल्या. त्या मामानं मिसरात विटा थापताना घातल्या होत्या. हा जोड माझ्या पायाचं माप घेऊन केलाय. माझ्या! कुणा मुकादमानं पाय पुढे केला म्हणून दादानं शिवला, असं नाही झालेलं. करकरू दे. यरीहोला कळू दे कोण आलंय."

किस्लोनबाबा म्हणाले, "इकडे दे बघू." त्यांनी तो भलामोठा जोड पायात घातला आणि तंबूपुढे एक चक्कर मारली. करर्र, करर्र. आणखी एक मारली. तिसरी मारायची खरं तर काही गरज नव्हती.

"हुकूम तोंडाला आहे," ते थांबून म्हणाले. "वहाणांना नाही. पलत्या, जा. आणि इथ्रान, ती आरी उचल. कुणी अशी जमिनीवर ठेवतं का? पायात घुसेल एखाद्याच्या."

सहा दिवस गमल्ली करकरला. सातव्या दिवशी सात फेऱ्या. मग रणशिंगं, मग लोकांचा जयघोष, आणि तट बसला. ते परमेश्वराचं काम, त्यात मी वाटा मागत नाही. पण आमच्या हेरांना लपवल्याबद्दल त्या शहरातून जे एक घर वाचलं, त्यातली एक म्हातारी पुढे आमच्या शेजारी राहायला आली. ती मला म्हणाली, "बाई, रणशिंगं आम्ही ऐकलेली होती. गप्प फौजाही पाहिल्या होत्या. पण ते करर्र करर्र काय होतं? आमचे पहारेकरी म्हणायचे, हे लोक खालून तट करवतीनं कापतायत. सहा रात्री कुणाला झोप नव्हती."

मी नुसती हसले.

तट पडल्याच्या दुसऱ्या सकाळी आमच्या तंबूबाहेर रांग लागली. ती कुठे संपते ते दिसत नव्हतं, मी टेकडीवर चढून बघितलं तरी. एकेक करून सगळ्यांच्या जुन्या वहाणांनी मान टाकली होती. सगळ्यात पुढे पलत्या, दोन्ही वहाणा हातात, नजर खाली.

"तुला अगदी पक्का जोड देतो," इथ्रान म्हणाला. "आता चरबी चोळायचं लक्षात आहे. मांजरासारखा चालशील."

"चरबी नको."

"म्हणजे?"

"करकरायला हवा," पलत्या हळूच म्हणाला. "गमल्लीच्यापेक्षा मोठ्यानं."

मागून आवाज आले. "आम्हालाही तसलाच!" "मला उजव्या पायाला जास्त!"

इथ्रान माझ्याकडे वळला. "यिस्के, चाळीस वर्षांनी आता कुठे मला नीट आठवलं, आणि या लोकांना चुकीचं हवंय!"

"मग चुकीचं शिवा," मी म्हटलं. "हात थोडेच चुकीचे आहेत?"

त्यानं जमिनीवर कातडं पसरलं, कोळसा घेतला, आणि पलत्याचा धुळीनं माखलेला पाय दोन्ही हातांनी उचलून त्यावर ठेवला.