मानेमागची ऊब

घाटाच्या फाटकावरचा लाल दिवा उघडमीट करत होता आणि हालवर स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसला होता. तो ताल माझ्या ओळखीचा आहे. तोंडाने भांडायचं नसलं की माझा नवरा बोटांनी भांडतो.

"बोल की," मी म्हटलं.

"मी काय बोलू? तू मोजतेयस ना? मोज."

मी गाडीच्या पडद्यावरचा आकडा बघत होते. बॅटरी सव्वीस टक्के. सकाळी बर्गनहून निघताना ती काठोकाठ भरलेली होती. पण खाडीच्या कडेने येताना हालवरने प्रत्येक वळणावर गाडी थांबवली. गोठलेला धबधबा दिसला, थांबलो. काळ्या पाण्यावर पांढरा डोंगर उलटा पडलेला दिसला, थांबलो. प्रत्येक वेळी मी आमच्या लेकीला, तिरिलला, टोपीसकट खिडकीशी धरायची आणि तो बाहेरून ओरडायचा, "जरा हस ना! तुरुंगात चालल्यासारखी बसलीयस." दरीतल्या चार्जिंगपाशी आठ-दहा गाड्या उभ्या होत्या, ईस्टरच्या सुट्टीत असतातच. तिथे मात्र तो थांबला नाही.

"परत जाऊ," मी म्हटलं. "खाली जाऊन भरून घेऊ आणि बोगद्याने जाऊ."

"लोक जगाच्या दुसऱ्या टोकाहून हा घाट बघायला येतात. आपण इथलेच, आणि आपण उंदरासारखं बोगद्यातून पळायचं?"

"आज घाटात काय दिसणार आहे तुला? समोर बघ."

समोर फाटकाच्या पलीकडे रस्ता असायला हवा होता. तिथे नुसतं पांढरं होतं, आणि ते आडवं वाहत होतं.

"माथा ओलांडला की उतारच आहे," तो म्हणाला. "उतारावर बॅटरी परत भरते. शाळेतल्या पोरालाही कळतं."

"माथ्यापर्यंत पोचली तर."

"इंगुन, तू ना, पाळण्यात असतानाही छताला भेगा शोधत असशील."

मागच्या सीटवर तिरिल कुरकुरायला लागली. सात महिन्यांची आहे ती, आणि तिच्या झोपेची वेळ झाली होती. मी तिला उचलून बाहेर पडले. फाटकापाशी एक जुनं लाकडी हॉटेल आहे. घाट बंद असला की सगळे तिथे कॉफी आणि वॉफल घेत बसतात. हॉटेलच्या मागच्या भिंतीशी, जिथे वारा पोचत नव्हता, तिथे आधीच दोन बाबागाड्या उभ्या होत्या आणि दोन्हींत बाळं झोपलेली. मीही आमची बाबागाडी त्यांच्या शेजारी लावली. खाली मेंढीचं कातडं, अंगात लोकरीचे दोन थर, वर पिसांची पिशवी. तिरिलने डोळे मिटले. थंडीत बाळं गाढ झोपतात. माझ्या आईने मला असंच झोपवलं, तिला तिच्या आईने.

थोड्या वेळाने मी हातमोजा काढून दोन बोटं तिच्या मानेमागे सरकवली. हात गार, नाक गार, यावर कधी जायचं नसतं. मान खरं सांगते. मान भट्टीतून काढलेल्या पावासारखी होती.

माझ्या भीतीची सासरी थट्टा होते. बेरित, माझी सासू, पाहुण्यांना सांगते, "आमची सून झोपेतसुद्धा बाळाचे श्वास मोजते." सगळे हसतात, हालवर सगळ्यांत जोरात. पण भीती आणि भीतीत फरक असतो. बाहेर उणे तापमानात झोपलेल्या बाळाची मला त्या वेळी मुळीच भीती वाटत नव्हती. भीती होती ती त्या सव्वीसची.

मी दोन कप कॉफी घेऊन गाडीशी आले तेव्हा फाटकावरचा माणूस, ओस्मुंड, रांगेतल्या गाड्यांशी वाकून वाकून बोलत येत होता. पिवळा चकाकता कोट, त्यावर नावाची पट्टी, भुवयांवर बर्फ. घाट असा असला की एकट्याने कोणाला सोडत नाहीत. पुढे बर्फ लोटणारी गाडी, तिच्या मागे सगळ्यांचा ताफा, आणि सगळ्यांत शेवटी ओस्मुंड. एकदा फाटकातून आत गेलं की मागे वळायचं नाही, गाडीतून उतरायचं नाही. पुढची गाडी थांबली की आपण थांबायचं, मग तासभर का लागेना.

"गरम कपडे? फावडं?" ओस्मुंडने विचारलं.

"सगळं आहे," हालवर म्हणाला.

"बॅटरी?"

"अर्ध्याच्या वर."

त्याने ते इतक्या सहज म्हटलं, की क्षणभर मीच पडद्याकडे बघायला वाकले. पडदा काळा होता. त्याने तो बंद करून ठेवला होता.

"वर वाट बघावी लागेल, कडेला बर्फाचे ढीग झालेत," ओस्मुंड म्हणाला. "हीटर चालू ठेवून उभं राहायची तयारी हवी. लहान मूल आहे ना बरोबर? सीट दिसतेय."

"हॉटेलमागे झोपलीय."

"मग आता उठवा. निघतोयच." तो माझ्याकडे बघून ओझरता हसला आणि मागच्या गाडीकडे गेला.

मी कॉफीचे कप टपावर ठेवले.

"अर्ध्याच्या वर?"

"हळू बोल."

"हालवर, वर अडकलो तर हीटर बंद करावा लागेल. तिला कशात ठेवणार आहेस? तुझ्या फोटोंत?"

"लोकरीत ठेवीन! याच बाळाला तू आत्ता बर्फात झोपवून आलीस, आणि गाडीत ती गोठेल म्हणतेस? जरा स्वतःचं बोलणं ऐक."

"बर्फात झोपलेल्या बाळाला मी कधीही उचलून आत नेऊ शकते. गाडीतून कुठे नेऊ?"

तो जास्तच चिडला. "आई बाबांना घेऊन सकाळपासून घाटापलीकडच्या घरात चूल पेटवून बसलीय. भाऊ पोचलाय. तो काल याच घाटातून आला, बायकोपोरांसकट. त्यांना काय सांगू, माझ्या बायकोने फाटकावरून परत फिरवलं?"

"सांग. एवीतेवी भित्री तर मी आहेच."

मी वळून हॉटेलमागे गेले. दुसऱ्या दोन बाबागाड्या आयांनी बाळांसकट नेल्या होत्या. भिंतीशी आमची एकटीच बाबागाडी उरली होती आणि तिच्या टपावर बारीक बर्फ साचला होता. मी तिचा ब्रेक पायाने घट्ट दाबला आणि पाय तिथेच ठेवला.

हालवर धापा टाकत आला. "आण तिला."

"झोपलीय."

"झोपलीय म्हणजे? ताफा निघतोय!"

"निघू दे. झोपलेल्या बाळाला मी उठवणार नाही. तुझीच आई सांगते ना, बाळाची झोप मोडू नये म्हणून?"

"इंगुन, पाय काढ."

"नाही."

त्याने बाबागाडीचा दांडा धरला. मीही धरला. मध्ये ती झोपलेली, आणि बाबागाडी इकडे तिकडे एक बोटभरही हलत नव्हती. शेवटी त्यानेच दांडा सोडला.

"बरं. मग बस इथेच. मी माथ्यावरून फोटो पाठवीन."

मला वाटलं होतं, तो जाणार नाही. खरंच वाटलं होतं. मूल इथे आहे म्हटल्यावर तो गाडी रांगेतून काढेल, दार आपटेल, हॉटेलात येऊन दिवसभर माझ्याशी बोलणार नाही. इतपत मी धरून चालले होते. पण गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि तिरिलची लंगोटांची पिशवी बर्फात येऊन पडली. मागोमाग माझा डगला. मग दार बंद झालं.

लाल दिवा विझला. फाटक वर गेलं. बर्फ लोटणारी गाडी गुरगुरत आत शिरली आणि तिच्या मागे एकेक गाडी पांढऱ्यात पुसली गेली. आमची निळी गाडी सहावी होती. तिच्या टपावर माझे दोन कप तसेच होते. फाटकाखालून जाताना ते खाली पडले.

शेवटी ओस्मुंडची पिवळी गाडी आली. मी धावत जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. त्याने काच खाली केली.

"ती निळी गाडी," मी म्हटलं. "तो खोटं बोलला. बॅटरी पावही नसेल आता."

ओस्मुंडने एक शिवी दिली, मला की त्याला ते कळलं नाही. "आणि आत्ता सांगता? पुढचे पहिल्या वळणापलीकडे गेले. आता कोणालाच वळता येणार नाही." मग त्याने मान बाहेर काढली. "मूल कुठाय?"

"माझ्याजवळ."

"मग ठीक. ताफा थांबला की मी त्याला जाऊन बघतो." काच वर गेली, फाटक खाली आलं.

त्यानंतर वारा फिरला आणि भिंतीमागेही बर्फ यायला लागला. मी बाबागाडी हॉटेलच्या दारात आतल्या बाजूला आणली. तिरिल उठली, प्यायली, टेबलावर थापट्या मारून वॉफलचे तुकडे उडवायला लागली. हॉटेलवाल्या बाईने तिला लाकडी चमचा दिला. मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नाही.

मग फोन वाजला. बेरित.

"कुठे आहात? हालवरचा भाऊ इकडच्या फाटकापाशी उभा राहून आला. ताफा अजून उतरलेला नाही."

"हालवर ताफ्यात आहे. मी आणि तिरिल अलीकडेच थांबलोय."

"अलीकडे? का?"

"तिरिल झोपली होती."

"बाळ झोपलं होतं म्हणून नवऱ्याला एकट्याला घाटात पाठवलंस?"

"मी पाठवलं नाही. तो गेला."

"आमच्या वेळी बायका नवऱ्याबरोबर जायच्या. बाळाला काखोटीला मारून."

"आणि तुमच्या वेळी नवरे बॅटरीबद्दल खोटं बोलायचे?"

मी फोन ठेवला. तिरिलने चमचा माझ्या हनुवटीवर मारला आणि ती हसली.

दिवस कलायला लागला तेव्हा फाटक पुन्हा उघडलं. पलीकडून सुटलेला ताफा वरून उतरला. बर्फ लोटणारी गाडी, अनोळखी गाड्या, शेवटी ओस्मुंड. निळी गाडी त्यांत नव्हती. मी काचेला नाक लावून उभी होते. माझ्या श्वासाने काच पांढरी झाली आणि मी ती पुसायची विसरले.

दार उघडलं. ओस्मुंड पाय आपटत आत आला आणि त्याच्या मागे हालवर. त्याच्या खांद्यावर कोणाची तरी करडी घोंगडी होती. ओठ निळे पडले होते.

"माथ्याच्या अलीकडे ढिगाशी ताफा थांबला," ओस्मुंडने सांगितलं. "बराच वेळ. याने हीटर बंद करून टाकला होता. मी काच वाजवली तर बोलताही येत नव्हतं नीट. याला माझ्या गाडीत घेऊन पलीकडून परत आणलं. याची गाडी तिथेच कडेला लावलीय, उद्या ओढून आणू." तो हॉटेलवालीकडे कॉफी मागायला गेला.

हालवर माझ्यासमोर उभा राहिला.

"तू सांगितलंस त्याला."

"हो."

"सगळ्या रांगेदेखत त्याने मला दार उघडून बाहेर ओढलं. लहान पोरासारखं. मागच्या गाडीतल्या म्हातारीने काच खाली करून घोंगडी दिली. लोकांनी फोटो काढले असतील."

"सुंदर आले असतील."

त्याचा जबडा हलला. मला वाटलं, तो ओरडणार. मलाही ओरडायचं होतं. कितीतरी वाक्यं मी दुपारभर धार लावून ठेवली होती. त्या थंड गाडीत माझी सीट होती, तिचीही होती. पण तो ओरडला नाही.

"आईचा फोन आला होता?" त्याने विचारलं.

"आला होता."

"काय सांगितलंस?"

"खरं."

"गाडी बिघडली म्हणून सांगता आलं नसतं?"

"तुला येतं ते. मला जमत नाही."

दारापाशी बाबागाडीत तिरिल पुन्हा झोपली होती. तो तिच्याकडे गेला. घोंगडी खांद्यावरून घसरली तरी त्याचं लक्ष नव्हतं. तो वाकला, हातमोजा दातांनी ओढून काढला आणि बोटं तिच्या मानेमागे न्यायला लागला. रोज रात्री तो असंच करतो. हे एक तो माझ्याकडून शिकला, न हसता.

मी त्याचं मनगट धरलं. मासळी बाजारातल्या बर्फात पुरलेल्या माशासारखं गार होतं ते.

"सोड. बघू दे मला तिला."

"आधी हात गरम कर."

"इंगुन."

"या हातांनी तिला शिवायचं नाही."

ओस्मुंडने कॉफीचा कप टेबलावर ठेवला आणि तो लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसला. हालवरने कप दोन्ही हातांत धरला. प्यायला नाही. नुसता धरून उभा राहिला, बंद फाटकाकडे बघावं तसा माझ्याकडे बघत. मी बाबागाडीच्या दांड्यावरचा हात काढला नाही.