सासूबाईंची धुलाई कंपनी

सासूबाईंनी ऑपरेशन झालेला पाय दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवला, वही उघडली आणि वाचायला लागल्या.

“पहिल्या पाळीत सहा माणसं. त्यातली दोघं नुसते रक्ताचे कपडे वेगळे काढायला. रक्ताला थंड पाणी, हे दारावरच लिहून लावलंय. गरम पाण्यात डाग शिजतो.”

“मावशी, माझ्या गड्याला लोखंडी हात आहे,” शेजारचा कंडक्टर म्हणाला. “घ्या की त्याला कामाला.”

“गंजेल मेला. इस्त्रीवर लावते.”

लेक हसता हसता टेबलावर आडवी झाली. जावई काही हसला नाही. तो गॅरेजवाला माणूस, हसू आलं तरी आधी मिशीत दाबून ठेवायचा.

दर रविवारी दुपारी तो हा खेळ चालवायचा. खेळ म्हणजे काय, तर गप्पा, कागद आणि दोन फासे. शहर शंभर वर्षांनंतरचं. दिव्यांनी लखलखणारं, वरून कायम घाण पाणी ठिबकणारं. माणसाच्या डोळ्यापासून गटारापर्यंत सगळं कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या मालकीचं. खेळणारे सगळे भुरटे, कंपन्या फोडून खाणारे. लेक कॉम्प्युटर फोडायची, कंडक्टर टाळकी.

सासूबाई तीन महिन्यांपूर्वी गुडघ्यासाठी आल्या. दोन रविवार गप बघत बसल्या. तिसऱ्या रविवारी म्हणाल्या, “तुम्ही नुसत्या फोडताच कंपन्या. मला एक काढायचीय.”

जावयानं खेळाच्या नियमांचं पुस्तक चाळलं. त्यात असं काही नव्हतं. पण बाईनं तीस वर्षं हॉस्पिटलचा धुलाईविभाग चालवलेला, तिला नाही कोण म्हणणार? त्यानं आपला एक नियम केला. दर रविवारी कंपनीसाठी फासे टाकायचे. दोन्ही मिळून चार किंवा कमी पडले, की मोठी कंपनी येऊन या धुलाई कंपनीला गिळणार. खेळ खलास.

“चालेल,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “पण दयामाया नको.”

कंपनी वाढली. बड्या साहेबांचे शर्टसुद्धा यायला लागले. कोण कुणाला कुठं भेटलं, कुणाच्या बाहीला कसला डाग, सगळं सासूबाईंना आधी कळायचं. लेक आणि कंडक्टर आता त्यांना विचारल्याशिवाय एक कुलूप तोडत नव्हते.

आणि आज त्यांची बॅग भरून दाराशी ठेवलेली. उद्या सकाळची गाडी.

“पाय चालायला लागला,” त्या म्हणत होत्या. “आता इथं माझं काय काम?” मागे घरी तरी कोण होतं? चार खोल्या आणि एक रेडिओ.

सकाळी लेकीनं नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं होतं. “अहो, तुम्ही थांबवा ना तिला. माझं नाही ऐकत.”

“मी काय बोलणार? माझ्या तोंडून ‘बसा’ निघालं तरी ऐकणाऱ्याला ‘उठा’ वाटतं.”

“चला, टाका फासे,” सासूबाई म्हणाल्या. “शेवटचंच आहे.”

जावयानं आपल्यापुढं ऑइल फिल्टरचा रिकामा खोका उभा करून ठेवलेला असायचा. फासे त्याच्या आड पडायचे. तो सांगेल तो आकडा. उठून बघायला कधी कुणी गेलं नाही, कारण फाशांच्या बाबतीत माणूस तराजूच्या काट्यासारखा सरळ. मागल्या वर्षी एका फाशानं बायकोचं पात्र मेलं. ती दोन दिवस बोलली नाही. यानं दोन दिवस स्वतःचा चहा स्वतः केला, पण आकडा बदलला नाही.

फासे गडगडले. थांबले.

एक. आणि दोन.

जावई फाशांकडे बघत राहिला. बंद पडलेल्या इंजिनाकडे बघावं तसा.

“किती?” कंडक्टरनं विचारलं.

जावयानं कान खाजवला. मग दोन्ही फासे मुठीत घेतले.

“आठ.” आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला. “वाचली कंपनी.”

कंडक्टरनं टेबलावर थाप मारली. लेकीनं शिट्टी वाजवली. सासूबाईंनी मात्र वहीत आठ लिहिला. तो पुन्हा गिरवला. बराच वेळ गिरवत होत्या.

“मग दुसरी पाळी लावावी लागेल,” त्या म्हणाल्या. “माणसं बघायला पाहिजेत. एका रविवारात नाही व्हायचं ते.”

“आई, उद्याची गाडी...” लेक बोलता बोलता थांबली.

“गाड्या काय, रोज असतात.”

लेक उठून पटकन स्वयंपाकघरात गेली. कंडक्टर तिच्यामागं कप घेऊन गेला. टेबलाशी दोघंच उरली. जावई खाली मान घालून उगाच कागद सारखे करत बसला.

सासूबाई त्याच्याकडे जरा झुकल्या.

“तो खोका थोडा इकडं ओढून घ्या, जावईबापू,” त्या हळूच म्हणाल्या. “माझ्या बाजूनं सगळं दिसतं.”